आवाजाचे ऋण

शिलाँगचा पाऊस एकदा लागला, की तो थांबण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो, हे येथे बदली होऊन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी कळते. अशाच एका पावसाळी शनिवारी आम्ही चार-पाच जण एका निवृत्त खासी सहकाऱ्यांच्या घरी जमलो होतो. हे गृहस्थ आयुष्यभर चर्चच्या गायकवृंदात गात आलेले. जुन्या तबकड्या जमवणे हा त्यांचा दुसरा छंद. या गावाला पाश्चात्त्य संगीताचा लळा जुनाच आहे. बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करण्याची प्रथा लू माजॉ या येथील गायकाने १९७२ साली सुरू केली, यावरून त्या लळ्याची कल्पना यावी. त्या संध्याकाळी मात्र तबकडी लागली ती सॅम कुक या अमेरिकन कृष्णवर्णीय गायकाची. गाणे संपल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग जमलेल्यांपैकी सर्वांत वडील गृहस्थ म्हणाले, आता असे गाणे होणे नाही. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

यजमानांची नात कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. तिने वर न पाहताच विचारले, की तुम्हाला ही आठवण येते ती त्या गायकाची, की तुमच्या स्वतःच्या तरुणपणाची? सगळे हसले आणि चहा आला. परंतु प्रश्न चहाबरोबर संपला नाही. घरी परतताना तो माझ्यासोबत आला, आणि पुढे कित्येक दिवस त्याने माझा पिच्छा सोडला नाही. तोच आज वाचकांपुढे मांडावा, असे वाटते.

त्या मुलीच्या शंकेत तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. जुने गाणे थोर होते असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन वेगवेगळी विधाने दडलेली असतात. ते गाणे चांगले होते, हे एक; ते ऐकले तेव्हा मी तरुण होतो, हे दुसरे; आणि आजचे गाणे हिणकस आहे, हे तिसरे. पैकी तिसरे विधान तर सरळसरळ अन्यायाचे आहे. प्रत्येक काळात सामान्य गाणी उदंड होतात आणि काळाच्या चाळणीतून खाली गळून जातात. मागे उरलेल्या मूठभर दाण्यांची तुलना आपण आजच्या न चाळलेल्या राशीशी करतो, आणि निकाल आधीच ठरलेला असतो. दुसरे विधान खरे असते, पण त्यात गायकाचे कर्तृत्व कोणते? आपले केस काळे होते आणि गुडघे दुखत नव्हते, हा काही त्याच्या गळ्याचा गुण नव्हे. राहता राहिले पहिले विधान. त्याचा विचार केल्यावाचून आपली सुटका नाही.

येथे माझे स्वतःचे वय मला साक्षीला आणावे लागते. सॅम कुक वारला तो १९६४ साली. मी अद्याप चाळिशीत पोचलेलो नाही. म्हणजे माझ्या जन्माआधी वीस वर्षांहून अधिक काळ तो आवाज थांबलेला होता. माझ्या तरुणपणाची कोणतीही संध्याकाळ त्या गाण्याला चिकटलेली नाही. तरीही त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. बालगंधर्वांच्या बाबतीतही माझ्यासारख्यांचे असेच होते. त्यांचे निधन १९६७ सालचे. त्यांना रंगभूमीवर पाहिलेली माणसे आता क्वचितच भेटतात. तरी परमुलखातल्या सरकारी निवासस्थानात त्यांचा आवाज लागला, की आमच्यासारखा, ज्याने काहीच पाहिले नाही तो श्रोतादेखील हातातले काम ठेवतो. तेव्हा आवडत्या गायकाची आठवण ही केवळ स्वतःची आठवण असते, हे सर्वांशी खरे नाही. आपल्या आयुष्याशी ज्याचा काही संबंध नाही, अशा माणसाचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो आणि आपल्याकडे काही मागतो. तो काय मागतो, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी त्या गायकाची कहाणी थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

सॅम कुकचा जन्म १९३१ साली मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे झाला; वाढला तो शिकागोत. वडील धर्मोपदेशक. साहजिकच त्याचे पहिले गाणे देवाचे. १९५० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'सोल स्टिरर्स' या नामांकित भक्तिगीतमंडळीत आर. एच. हॅरिस या ज्येष्ठ गायकाच्या जागी त्याची निवड झाली. थोड्याच काळात चर्चमधली तरुण मंडळी त्याच्या आवाजासाठी वेडी झाली. आपल्याकडे एखाद्या तरुण कीर्तनकाराभोवती गावोगावचे लोक जमावेत, तसाच तो प्रकार होता.

परंतु त्याला प्रेमगीते गायची होती. चर्चच्या श्रोत्यांना हा द्रोह वाटेल, हे तो जाणून होता. म्हणून या नव्या वाटेवरची पहिली तबकडी त्याने 'डेल कुक' असे नाव धारण करून काढली. नाव बदलता येते, आवाज कुठे लपवणार? ऐकणाऱ्यांनी त्याला तत्काळ ओळखले. १९५७ साली स्वतःच्या नावाने काढलेले 'यू सेंड मी' हे गीत अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. देवाला आळवताना जो सूर लांबवायचा, तोच सूर त्याने प्रेयसीला आळवताना लांबवला. 'सोल' या नावाने पुढे जे संगीत ओळखले गेले, त्याच्या मुळाशी हेच स्थलांतर आहे, आणि सॅम कुक हा त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक.

ज्या श्रोत्यांनी त्याला मोठे केले, ते दुखावले गेले. त्यांचे दुखावणे मला हास्यास्पद वाटत नाही. ज्या आवाजाने आपण प्रार्थना केली, तो आवाज बाजारात गेला असे वाटले, तर माणूस व्यथित होणारच. पण व्यथित होण्याचा अधिकार निराळा आणि अडवून धरण्याचा अधिकार निराळा. आपण एखाद्यावर प्रेम केले, म्हणून त्याने आपल्याला प्रथम दिसला त्याच रूपात जन्मभर उभे राहावे, हा हक्क कोणत्या प्रेमातून मिळतो?

या बाबतीत आपणही अगदी निर्दोष नाही. बालगंधर्वांनी आपल्याला भामिनी दिली, रुक्मिणी दिली, सिंधू दिली. आणि आपण त्या शालूत त्यांना असे काही जखडून टाकले, की वय उतरले तरी तो उतरवण्याची मोकळीक त्यांना राहिली नाही. १९३५ साली 'धर्मात्मा' या प्रभातच्या बोलपटात ते संत एकनाथांच्या भूमिकेत आले, तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी ते पुरुषरूप मनापासून स्वीकारले नाही. चाहत्याचे प्रेम हे असे असते. ते माणसाला डोक्यावर घेते आणि खाली उतरू देत नाही.

कालांतराने चर्च आणि बाजार यांमधली भिंत खचली. स्वतः धर्मोपदेशकाची मुलगी असलेली अरेथा फ्रँकलिन सोल गायनात कीर्तीच्या शिखरावर पोचली आणि १९७२ साली लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये परत जाऊन भक्तिगीते गायली. ती ध्वनिमुद्रिका आजही आदराने ऐकली जाते. पण सॅम कुकला तेवढे आयुष्य मिळाले नाही.

आता स्मरणाच्या दुसऱ्या दोषाकडे वळतो. आपण कार्यालयात जुन्या फायलींची छाननी करतो, तेव्हा कोणती फाइल कायमची जपायची आणि कोणती ठरावीक वर्षांनी नष्ट करायची, हे कोणीतरी टिपणी लिहून ठरवत असतो. पुढे कित्येक वर्षांनी एखाद्याला काय सापडेल आणि काय सापडणार नाही, हे त्या दोन ओळींच्या शेऱ्यावर अवलंबून असते. गायकांच्या आठवणींचेही असेच आहे, हे मला सॅम कुकच्या दोन मैफलींवरून कळले.

१९६३ च्या जानेवारीत मायामीच्या कृष्णवर्णीय वस्तीतील हार्लेम स्क्वेअर क्लब या ठिकाणी त्याचे गाणे झाले. ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. समोर त्याची स्वतःची माणसे होती. त्याचा आवाज खरखरीत झालेला, श्रोते त्याच्याबरोबर गाताहेत, ओरडताहेत. पुढल्याच वर्षी, १९६४ साली, न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या श्रीमंती क्लबात त्याने गायन केले. तेथील श्रोतृवर्ग बहुतांशी गौरवर्णीय. गाणे नीटनेटके, घासूनपुसून चकचकीत केलेले. कोपाकबानाची तबकडी त्याच वर्षी बाजारात आली. मायामीचे ध्वनिमुद्रण मात्र तसेच पडून राहिले आणि लोकांपुढे आले ते १९८५ साली, म्हणजे बावीस वर्षांनी आणि गायकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. या मधल्या काळात ज्यांनी तबकड्यांवरून त्याची आठवण जपली, त्यांनी अर्ध्याच माणसाची आठवण जपली. त्यात त्यांचा दोष नव्हता. उरलेला अर्धा माणूस त्यांना ऐकवलाच गेला नव्हता. यावरून एवढे तरी शिकावे, की आपली आठवण ही आपल्याला वाटते तितकी निष्पाप नसते. ती कोणीतरी निवडून दिलेली असते, आणि पुष्कळदा निवडणाऱ्याने आपल्या सोयीचे तेवढेच निवडलेले असते.

आणि आता त्या गाण्याविषयी, जे ऐकून शिलाँगच्या त्या खोलीत आम्ही गप्प झालो होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वर्णभेदाचा अंमल होता. प्रेक्षागृहातदेखील काळे आणि गोरे निरनिराळे बसत. १९६१ साली मेम्फिस येथे अशाच विभागलेल्या श्रोत्यांपुढे गाण्यास सॅम कुकने साफ नकार दिला होता. १९६३ च्या ऑक्टोबरात लुइझियाना राज्यातील श्रीवपोर्ट येथे तो पत्नी व सहकाऱ्यांसह एका हॉटेलात उतरावयास गेला; तेथे त्यांना जागा नाकारण्यात आली, आणि त्याने त्याविरुद्ध आवाज चढवला म्हणून पुढे पोलिसांनी त्यांनाच अटक केली. त्याच सुमारास त्याने बॉब डिलनचे 'ब्लोइंग इन द विंड' हे गीत ऐकलेले होते, आणि असे गीत एका गोऱ्या तरुणाने लिहावे व आपण लिहू नये, याची खंत त्याच्या मनाला लागून राहिली होती. या सगळ्यातून 'अ चेंज इज गॉना कम' हे गीत जन्माला आले. १९६४ च्या जानेवारीअखेर त्याचे ध्वनिमुद्रण झाले. दूरचित्रवाणीवर ते त्याने एकदाच गायले, आणि त्या कार्यक्रमाची फीत कोणी जपून ठेवली नाही. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून तो मृत्यू पावला. वय अवघे तेहतीस. त्यानंतर काही दिवसांनी ते गीत छोट्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर प्रसिद्ध झाले, तेही एक कडवे गाळून. गाळलेले कडवे कोणते? ज्यात सार्वजनिक ठिकाणी वावरण्याची बंदी थेट बोलून दाखवली होती, तेच.

याचा अर्थ कळण्यासाठी फार खोल जावे लागत नाही. सॅम कुकच्या प्रेमगीतांच्या तबकड्या असंख्य गोऱ्या घरांत वाजत होत्या. तबकडी दिवाणखान्यात येऊ शकत होती. गाणारा हॉटेलच्या दारातून आत येऊ शकत नव्हता. आवाज हवा होता, माणूस नको होता. आणि माणसाने आपले दुःख स्वतःच्या आवाजात सांगितले, तेव्हा त्यातलेही बोचणारे तेवढे कडवे काढून उरलेले गोड म्हणून ऐकण्याची सोय झाली.

अमेरिकेतील हा अन्याय वाचून आपण हळहळतो. हळहळणे सोपे आहे. तो देश दूर आहे. पण हे लिहिताना माझ्यासमोर चोखोबा उभा राहतो. चौदाव्या शतकापासून आपण चोखोबाचे अभंग गात आलो. त्यांना चाली लावल्या, टाळ-मृदंगाच्या साथीने डोळे मिटून ऐकले, अश्रू ढाळले. आणि ज्या विठ्ठलाला त्याने जन्मभर आळवले, त्याच्या देवळाच्या पायरीशी त्याची समाधी आहे. आत पाऊल टाकण्याची मुभा त्याला नव्हती, त्याच्या नंतरच्या पिढ्यांनाही नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे ते दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. सहाशे वर्षे अभंग आत आणि माणूस बाहेर! श्रीवपोर्टचे ते हॉटेल आपल्याला वाटते तितके दूर नाही.

हे केवळ इतिहासाविषयी बोलून मी माझी सुटका करून घेऊ शकत नाही, कारण माझ्या वाट्याचे एक पाप येथे नोंदवावयाचे आहे. काही वर्षांपूर्वी, याआधीच्या नेमणुकीच्या गावी, तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातील 'जुनी अवीट गाणी' या कार्यक्रमासाठी गीते निवडण्याचे काम आम्हा तिघांकडे होते. नाट्यगीते झाली, भावगीते झाली, चोखोबाचाही एक अभंग घेतला. आमच्याच कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने वामनदादा कर्डक यांचे एक गीत गाण्याची इच्छा व्यक्त केली. त्याचे वडील ते घरी गात असत. त्याच्या दृष्टीने तेच अवीट आणि तेच जुने. वामनदादा १९२२ साली जन्मले, २००४ साली गेले. आंबेडकरी चळवळीचा हा शाहीर गावोगाव फिरून गायला आणि लक्षावधी माणसांनी त्याची गाणी कंठात जपली. यादीतील इतर गीतांहून ते गीत कोणत्याही अर्थाने कमी मराठी नव्हते. तरी आमच्यातील एक जण म्हणाले, की गाणे चांगले आहे, पण या कार्यक्रमात ते शोभणार नाही. मी काही बोललो नाही. वेळ फार झाला होता, वाद नको होता, अशी कारणे मी तेव्हा मनाशी जुळवली. त्या तरुणाने कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडू लागल्या, आणि पहिले गाणे सुरू होण्यापूर्वी तो निघून गेला.

मुंबईत १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तिकडच्या आणि इकडच्या दुःखाचे नाते ज्यांना ओळखायचे होते, त्यांनी ते पन्नास वर्षांपूर्वीच ओळखले होते. मला मात्र सॅम कुकच्या गाण्याने अंगावर काटा येत होता आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या वडिलांचे गाणे ऐकण्याची निकड वाटली नव्हती. लांबचे दुःख संगीत वाटते. जवळचे दुःख गैरसोय वाटते.

यावर कोणी म्हणेल, की गाण्याला इतके ओझे कशाला? माणूस दिवसभर दफ्तरात डोके घालून थकतो, दोन घटका जुने गाणे ऐकून मन हलके करतो; त्याला न्यायालयात का उभे करता? हा आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा तरी. गाण्यातला आनंद हा गुन्हा नाही. सॅम कुकने स्वतः निखळ आनंदाची कितीतरी गीते गायली. ती ऐकताना कपाळाला आठ्या घालून बसणे हा त्याचाच अपमान होईल. आणि प्रत्येक श्रोत्याने प्रत्येक गायकाचे चरित्र पाठ केले पाहिजे, असेही मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जेथे आपण 'आवडता' हा शब्द वापरतो, तेथे केवळ आस्वाद उरत नाही. आस्वाद घेऊन ताट बाजूला सारता येते. आवड म्हटली की नाते आले, आणि नात्यात समोरच्याचे सगळे ऐकून घ्यावे लागते. आपल्याला रुचते तेवढेच नव्हे.

मग आवडत्या गायकाचे स्मरण खरे केव्हा म्हणावे? मला वाटते, त्याचे जे रूप आपल्याला सोयीचे नव्हते, तेही आपण जवळ केले, तर ते खरे. चर्चच्या श्रोत्यांनी त्याची प्रेमगीते ऐकली, कोपाकबानाच्या श्रोत्यांनी त्याची मायामीची रात्र ऐकली, आणि सर्वांनी ते गाळलेले कडवे ऐकले, तर त्या आठवणीत पूर्ण माणूस येतो. आणि ज्या दाराबाहेर तो उभा राहिला, तसले एखादे दार आपल्या हाताशी असेल, तर ते उघडले पाहिजे. याहून कमी किमतीत आवाजाचे ऋण फिटत नाही. पुढे अमेरिकेने या गीताचा मोठा सन्मान केला. तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने २००७ साली त्याचा राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात समावेश केला, आणि २००९ च्या जानेवारीत पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीनिमित्त लिंकनच्या स्मारकापुढे ते गायले गेले. हा सन्मान योग्यच होता. पण सन्मान करणे आणि दार उघडणे यांत नेहमी अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे? चोखोबाचा सन्मान आपणही कधी कमी केला नव्हता.

मागल्या महिन्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. यजमानांना विनंती करून मायामीची ती तबकडी लावून घेतली. वडील गृहस्थांना ती तितकीशी रुचली नाही. हा सॅम कुक आपल्या ओळखीचा नाही, असे त्यांनी बोलूनही दाखवले. पण ते उठून गेले नाहीत, शेवटपर्यंत बसून ऐकत राहिले. यजमानांची नात या वेळी पुस्तक मिटून ऐकत होती. तिच्या प्रश्नाला मी तेव्हाही उत्तर दिले नाही. ते माझ्याकडे अजून पुरते नाही. घरी आल्यावर मात्र मी त्या जुन्या सहकाऱ्याला पत्र लिहावयास बसलो. तो आता दुसऱ्या गावी आहे. वडिलांची ती गाणी कोठे मुद्रित केलेली आहेत का, आणि असल्यास मला ऐकावयास मिळतील का, एवढेच त्यात विचारले आहे. क्षमा मागण्याचे वाक्य तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. चौथ्यांदा ते राहू दिले. उत्तर अजून आलेले नाही. ते आलेच पाहिजे, असा माझा हक्कही नाही.